रडणारी बाई चालते, नाचणारी बाई क्रिंज?

सध्या आमच्याकडे, म्हणजे वऱ्हाडातल्या गावागावांत, एक वाद चालू आहे आणि तो दोन्ही बाजूंनी इतका वाईट चालू आहे की राहवलं नाही म्हणून लिहितोय. कापूस वेचायला गेलेल्या बाया दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर उभ्या राहून गाण्यावर रील करतात, कोणी पोट्टा बंडीवर बसून डायलॉग मारतो, कोणी नवराबायको अंगणात, मागं टिनाचं घर, बाजूला बांधलेली शेळी, अशा जागेत हातात हात घेऊन गोल फिरतात, आणि तो व्हिडिओ तालुक्याच्या ग्रुपवर आला की खाली पहिलाच शब्द पडतो, क्रिंज, म्हणजे पाहून पाहणाऱ्यालाच लाज वाटावी असं. मग हसणाऱ्या इमोजींची रांग. मग कोणीतरी मोठं माणूस लिहितं की गावाची बदनामी होऊन राहिली, ग्रामपंचायतीनं ठराव घ्यावा, पोरीबाळींच्या हातातून मोबाइल काढावे. त्यावर दुसरी बाजू उठते आणि म्हणते की गरिबाचं टॅलेंट आहे भाऊ, तुम्ही जळता. झालं, यापुढं वाद जातच नाही. एका बाजूला सगळंच घाण, दुसऱ्या बाजूला सगळीच कला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. रील वाईट असू शकते, फालतू असू शकते, घातक पण असू शकते, आणि तसं असेल तर तोंडावर सांगायला पाहिजे. पण क्रिंज म्हणणं म्हणजे तसं सांगणं नव्हे, ते सांगणं टाळणं आहे. आणि हा शिक्का आपल्याकडे ज्या सहजतेनं मारला जातो त्याच्यामागं रीलची क्वालिटी नसून एक जुनी सवय आहे. खेड्यातला माणूस उघड्यावर, सगळ्यांदेखत आनंदात दिसला की आपल्याला अवघडतं, त्यातही बाई असली तर जास्तच.

टीका म्हणजे काय असतं? आवाज बेसूर आहे, ओठ गाण्यासोबत हलत नाहीत, हा विनोद आपल्या बायकोला खाली पाडणारा आहे, हा नाच लहान लेकराकडून करून घेण्यासारखा नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर देता येतं. करणारा म्हणू शकतो की हो, चुकलं, पुढच्या वेळी नीट करीन, किंवा म्हणू शकतो की नाही, मला पटत नाही, कारण असं असं आहे. क्रिंजला काय उत्तर देणार? त्यात कारणच दिलेलं नसतं. त्यात एवढंच असतं की तुला पाहून मला लाज वाटली. बरं, लाज वाटली मला आणि गुन्हा मात्र तुझा. ज्या बाईनं रील केली तिला लाज वाटलेली नाही, तिनं मजेत केली आहे, आणि खरी अडचण तीच आहे, तिला लाज का वाटत नाही याचाच समोरच्याला राग आलेला असतो. तिला नाही वाटत तर आपण वाटायला लावू, कमेंटमधून एवढंच काम चालतं. कोणी विचारलं की नेमकं काय चुकलं, तर उत्तर येतं, अरे बघ ना, बघूनच समजतं. बघून काय समजतं? ते एकदा मोकळेपणी बोलून टाका म्हणजे वाद तरी नीट होईल.

आता समोरच्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिलं म्हणजे ही भावना खोटी नसते. दुसऱ्याची फजिती पाहून आपलं तोंड गरम होणं, स्क्रीन खाली करावीशी वाटणं, हे सगळ्यांना होतं, खेड्यातल्याला होतं आणि शहरातल्यालाही. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून दुसऱ्यांच्या फजितीचे प्रसंग दाखवले, तेव्हा मेंदूचे तेच भाग जागे झालेले दिसले जे दुसऱ्याचं दुखणं पाहून जागे होतात. म्हणजे या भावनेचं मूळ तर चांगलंच आहे, दुसऱ्याच्या जागी आपण जाऊन पाहतो म्हणूनच ती येते. कोणी पोरगं स्टेजवर भाषण विसरलं की सगळ्या हॉलला अवघडतं, आणि त्याच हॉलमधला कोणीतरी टाळ्या वाजवून त्याला सावरून घेतो. तीच भावना तिथं मदतीला धावते. मग मोबाइलवर तीच भावना दगड का होते? भावना येणं आपल्या हातात नसेल, पण ती आल्यावर अंगठा कमेंटच्या डब्यात जातो ते तर आपल्या हातात आहे ना.

दुसरं, काही रील खरोखरच वाईट असतात आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. रेल्वेच्या रुळावर गाडी जवळ येईपर्यंत उभं राहणारे पोट्टे, धरणाच्या सांडव्यावर स्टंट करणारे, सहा-सात वर्षांच्या पोरीला मोठ्या बाईसारखे हावभाव करायला लावणारे मायबाप, प्रँकच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाला त्रास देणारे, रस्त्यानं चाललेल्या पोरीचा तिला न विचारता व्हिडिओ काढणारे, साप हातात धरून फिरणारे. यांना थांबवायलाच पाहिजे. पण पाहा, या सगळ्यांसाठी आपल्याकडे सरळ शब्द आहेत. जिवाशी खेळ, लेकरावर अन्याय, छेडखानी. हे शब्द वापरले की पुढं काय करायचं तेही समजतं, कुठं मायबापाला बोलावून सांगावं लागतं, कुठं पोलिसात जावं लागतं. आणि होतं काय की रुळावरचा पोट्टा आणि धुऱ्यावर नाचणारी मावशी दोघं एकाच क्रिंजच्या टोपल्यात जाऊन पडतात, दोघांवर सारखंच हसणं होतं, आणि हसून झालं की विषय संपतो. घातक रीलबद्दल ज्याला खरी काळजी आहे त्यानं तर हा शब्द सगळ्यात आधी सोडला पाहिजे, कारण गंभीर गोष्ट त्याच्यामुळं मजेची होऊन जाते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. विदर्भातला खेड्यातला माणूस स्क्रीनवर पहिल्यांदा रीलमुळं आला का? नाही. त्याच्या आधी तो बरीच वर्षं येतच होता. २००६ च्या जून-जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशिम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांवरून ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि त्याच्या आधी आणि नंतर देशातले, परदेशातले कॅमेरे आमच्या गावांत येऊन गेले. त्या कॅमेऱ्यांनी काय दाखवलं? भिंतीवरचा हार घातलेला फोटो, त्याच्याखाली बसलेली बाई, तिच्या मांडीवर लेकरू, मागं टिनाचं घर. ते दाखवणं गरजेचं होतं, मी त्याला नाव ठेवत नाही, त्या बातम्या झाल्या नसत्या तर सरकार हललंच नसतं. पण पंधरा-वीस वर्षं वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या घरातली बाई देशानं फक्त एकाच रूपात पाहिली, रडताना. तेव्हा त्या घराची भिंत कोणाला खुपली नाही, तिची भाषा कोणाला हसण्यासारखी वाटली नाही, तिच्या लुगड्याचा रंग कोणी काढला नाही. तिच्या दुःखापुढं सगळे गंभीर झाले.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, हळूहळू पाच-सात हजारांचा मोबाइल घरात आला, आणि पहिल्यांदाच असं झालं की कॅमेरा त्याच बाईच्या हातात आला. आता काय दाखवायचं ते ती ठरवणार होती. आणि तिनं काय दाखवलं? तिनं रडणं नाही दाखवलं. तिनं नवं लुगडं दाखवलं, कापसाच्या पऱ्हाटीत उभं राहून गाणं म्हटलं, नणंदेसोबत नाचून दाखवलं, पोळ्याला बैल सजवलेला दाखवला, नवऱ्याला लाजत लाजत कॅमेऱ्यासमोर ओढलं. तेच वावर, तीच भिंत, तीच बाई. आता मात्र ते क्रिंज. मला कोणीतरी हे समजावून सांगा की भिंत तीच असताना तिच्यासमोर रडलेलं पाहायला चालतं आणि हसलेलं का चालत नाही. याचं एकच उत्तर मला दिसतं, आणि ते कडू आहे. गरीब माणसाच्या दुःखात आपण वरचे राहतो, दया करणारे राहतो. त्याच्या आनंदात आपलं काही काम नसतं. तो आपल्याला विचारत नाही, आपली मदत मागत नाही, आपल्यासारखाच मजा करतो, आणि हेच सहन होत नाही.

यावर लगेच म्हटलं जाईल की हे उगाच जातीवर्गावर नेऊन राहिले, शहरातल्या श्रीमंत पोरापोरींना पण लोक क्रिंज म्हणतातच की. म्हणतात, मान्य. महागड्या गाडीसमोर पोझ मारणाऱ्याला म्हणतात, इंग्रजीत प्रेमकविता वाचणाऱ्याला म्हणतात. पण दोन्हीकडच्या कमेंट एकदा शेजारी ठेवून वाचा. शहरातल्या पोराला हसतात ते त्यानं जे केलं त्याला, म्हणजे त्याची कविता, त्याचा आव. आमच्या पोराला हसतात ते तो जो आहे त्याला. रंग, दात, केसाला लावलेलं तेल, चप्पल, 'मले' आणि 'तुले', मागची म्हैस. एक कविता वाईट झाली तर दुसरी चांगली लिहिता येते. रंगाचं काय करायचं? आणि शहरातला पोरगा हसं झालं तरी सोमवारी ऑफिसला जातो, तिथं कोणाला माहीतही नसतं. खेड्यात दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तोच विषय असतो, एसटीत तोच असतो, पोरीचं असेल तर पाहुण्यांपर्यंत जातं आणि जुळत आलेलं लग्न मोडतं.

२०२० चा उन्हाळा आठवा. लॉकडाऊन होता, मे महिन्यात यूट्यूब विरुद्ध टिकटॉक असं भांडण पेटलं. एका मोठ्या यूट्यूबरनं टिकटॉकवाल्यांची खिल्ली उडवणारा व्हिडिओ टाकला, तो प्रचंड चालला, मग छळवणुकीच्या नियमाखाली यूट्यूबनंच तो काढला, आणि चिडलेल्या लोकांनी प्ले स्टोअरवर जाऊन टिकटॉकला एकेक स्टार द्यायला सुरुवात केली. चारच्या वर असलेलं रेटिंग काही दिवसांत दोनच्या खाली आलं, गूगलला लाखो रिव्ह्यू पुसावे लागले. टिकटॉकवर तक्रारी करण्यासारखं पुष्कळ होतं, ॲसिड हल्ल्याची नक्कल करणारे व्हिडिओ पण तिथं होते, त्यावर राग येणं बरोबरच होतं. पण त्या भांडणात जे शब्द फिरत होते ते काय त्याबद्दल होते? त्यातले बरेच शब्द खेडवळ माणसाबद्दल होते, मजुराबद्दल, बायकी वागणाऱ्या पोराबद्दल, सावळ्या रंगाबद्दल. पुढं गलवानची चकमक झाली आणि २९ जूनला सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात टिकटॉक गेलं. ती बंदी देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून होती, त्याचा या भांडणाशी संबंध नाही. पण तेव्हा कितीजणांनी आनंद व्यक्त केला की बरं झालं, घाण गेली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं रील्स आणलं. तोच प्रकार, तेवढ्याच सेकंदांचा, तीच गाणी. शहरातल्यांनी केलं तेव्हा ते कंटेंट झालं.

हे काही मोबाइलनं आणलेलं नाही. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मोठा चाहता. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. त्यांचं चांगलंही सांगितलं पाहिजे, संस्थानं गेल्यावर शास्त्रीय कलावंतांना रेडिओनं जो आधार दिला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण लोकांनी काय केलं? लोकांनी रेडिओची सुई फिरवली आणि सिनेमाची गाणी लावणारं श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींचा आवाज घराघरांत गेला तो त्याच दिवसांत. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती सुरू करावं लागलं. आज तीच गाणी आपण जुनं ते सोनं म्हणून ऐकतो, त्यावर रडतो, ती लावून शहरातले लोक कट्ट्यावर मैफली करतात. एका पिढीच्या सुसंस्कृत माणसाला जे ऐकवत नव्हतं ते पुढच्या पिढीला अभिजात झालं. सगळ्या रील पुढं जाऊन अभिजात होतील असं मी म्हणत नाही, त्यातल्या बहुतेक विसरल्या जातील आणि विसरल्या जाव्यात. मुद्दा एवढाच की अंगावर आलेला शहारा हा चवीचा पुरावा नसतो.

आमच्याच मातीतलं पाहू. गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर अशा वेषात फिरायचे, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, शुद्ध पुस्तकी मराठीत नाही तर वऱ्हाडीत, समोरच्या माणसांना एकामागून एक प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर काढत. तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी, १९५५ ला जपानच्या परिषदेला गेले तिथंही तीच. आज अमरावतीचं विद्यापीठ एकाच्या नावानं आहे आणि नागपूरचं दुसऱ्याच्या. रील आणि त्यांचं कीर्तन एक आहे असा मूर्खपणा मी करणार नाही, त्यामागं आयुष्यभराची तपश्चर्या होती. पण आज जो माणूस फक्त कपडा, बोली आणि हावभाव पाहून शिक्का मारतो त्याच्यासमोर यांचा पंधरा सेकंदांचा तुकडा आला असता तर त्यानं काय लिहिलं असतं? ज्या मापानं गाडगेबाबा मोजता येत नाहीत त्या मापानं वावरातली मावशी तरी का मोजावी?

भाषेचं तर आणखी वाईट वाटतं. मराठीतलं पहिलं मोठं गद्य, लीळाचरित्र, १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपूरला लिहिलं, म्हणजे आमच्याच अमरावती जिल्ह्यात. चक्रधरस्वामींच्या मागं महानुभाव पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना केशवराजसूरींनी संस्कृतात लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं, कारण सांगितलं की त्यानं माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी एक विद्वान माणूस खेड्यातल्या म्हातारीला डोळ्यांपुढं ठेवून भाषा ठरवतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा लीळाचरित्राचं नाव सगळ्यांनी अभिमानानं घेतलं, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ पण झालं. आणि त्याच तालुक्याच्या आजूबाजूची बाई रीलमध्ये 'मले काय मालूम' म्हणाली की लोक हसून लोटपोट. भाषा म्हणून अभिजात आणि बाईच्या तोंडी क्रिंज, हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं?

आणि आता जे सांगतोय ते आपल्यातल्याच लोकांना सांगतोय. सगळ्यात कडक कमेंट पुण्या-मुंबईच्या नसतात. त्यांना आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर काय चाललंय याची खबरही नसते. सगळ्यात कडक कमेंट आमच्याच पोरांच्या असतात, जी शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेली, जिथं पहिल्याच आठवड्यात त्यांच्या 'करून राहिलो'वर सगळी रूम हसली, जी मग गप राहून राहून 'मला' बोलायला शिकली. त्यांनी ते महागात शिकलेलं असतं. आणि मग गावाकडचा व्हिडिओ आला की त्यांना भीती वाटते की मित्रांनी हा पाहिला तर आपण पुन्हा तिथंच. म्हणून सगळ्यांच्या आधी आपणच हसून घ्यायचं. या पोरांबद्दल मला राग नाही, खरंच नाही, त्यांच्यावर जे झालं तेच ते पुढं ढकलून राहिले. १९५० साली ऑस्ट्रेलियातल्या एका समीक्षकानं आपल्या देशाबद्दल लिहिलं होतं की इथल्या वाचकाच्या मनात एक दरडावणारा इंग्रज बसलेला असतो, आपलं पुस्तक वाचतानाही तो मनातल्या मनात त्या इंग्रजाला विचारतो की हे चालेल का. आपल्या पोरांच्या मनात तसाच एक शहरी माणूस बसला आहे. तो प्रत्यक्षात कुठंच नसतो, पण वावरातला व्हिडिओ पाहताना नजर त्याचीच असते.

याची किंमत कोण मोजतं तेही पाहा. पोट्ट्यानं रील केली आणि हसं झालं तर दोन दिवस चिडवतील. सुनेनं केली आणि हसं झालं तर सासरा म्हणतो, पाहिलं, मी सांगतच होतो. शहरातल्या ज्या पोरीनं 'सो क्रिंज' लिहिलं तिला वाटतही नसेल, पण तिचा तो शब्द गावातल्या सगळ्यात जुनाट माणसाच्या हातातली काठी होतो. जो माणूस एरवी बाईनं डोक्यावरचा पदर काढू नये म्हणतो आणि जी पोरगी स्वतः जीन्स घालून फिरते, ते दोघं या एका ठिकाणी बरोबर एकत्र येतात आणि बाईच्या हातातला मोबाइल जातो. २०२३ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या पोरानं जीव दिला. मेकअप करायची त्याला आवड होती, दिवाळीला साडी नेसून त्यानं रील टाकली होती आणि तिच्याखाली हजारो कमेंट आल्या होत्या. जीव देण्यामागं एकच कारण असतं असं नाही, पण त्या हजारोंपैकी प्रत्येकाला आपण फक्त एक शब्द लिहिला असंच वाटलं असणार.

उरलेला मुद्दा पैशाचा. लोक म्हणतात की हे मुद्दाम करतात, वाईट केलं की व्ह्यू जास्त मिळतात, मग हसलं तर बिघडलं काय. काहीजण मुद्दाम करतात हे खरं आहे. पण त्यांना तसं करायला कोणी शिकवलं? कमेंट आणि शेअर जास्त असले की ॲप तो व्हिडिओ आणखी लोकांपुढं टाकतं, त्या मशीनला कौतुक आणि थट्टा यातला फरक समजत नाही. बाईनं पन्नास रील चांगल्या केल्या, भुलाबाईची गाणी म्हटली, कोणी पाहिल्या नाहीत. एकीत पाय घसरून पडली, ती लाखो लोकांनी पाहिली. एक्कावन्नावी रील कशी असणार मग? तुम्हीच हसून हसून तिला सांगितलं की आम्हाला तुझं पडणं पाहिजे. आणि पैसा म्हणाल तर तो बहुतेक वेळा तिला मिळतच नाही. दुसऱ्यांच्या व्हिडिओचे तुकडे जोडून, वर हसण्याचे आवाज टाकून चालणारी पानं आणि चॅनेलं आहेत, कमाई त्यांची होते. तिचा व्हिडिओ, तिचा चेहरा, तिच्या गावाचं नाव, आणि तिला विचारलेलंही नाही. बदनामीची एवढी काळजी असलेल्या ग्रामपंचायतीनं ठराव घ्यायचाच असेल तर तो याच्यावर घ्यावा, आणि जिच्या व्हिडिओची अशी चोरी झाली तिच्यासोबत सायबर पोलिसांकडं जावं.

शेवटची शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोणी विचारेल की म्हणजे काय, शहरातल्यानं किंवा शिकलेल्यानं खेड्यातल्या कलेवर काही बोलायचंच नाही का, सगळं गोड मानून घ्यायचं? नाही. गरिबाचं आहे म्हणून छान म्हणणं हा पण अपमानच आहे, त्यात त्याला बरोबरीचा धरलेलं नसतं. कडक बोला. पण कडक कसं बोलतात ते पाहायचं तर झाडीपट्टीत जा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळी झाली, मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागली की गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं सुरू होतात, रात्री उशिरा पडदा उघडतो ते पहाटेपर्यंत चालतं. मोठ्यानं रडणं, मोठ्यानं हसणं, मध्येच गाणी, मध्येच लावणी, भडक मेकअप, पंधरा सेकंदांचा तुकडा काढून पाहिला तर आजचा पोरगा त्यालाही एकच शब्द देईल. त्याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि तिथला प्रेक्षक काही भोळा नाही. तो तिकीट काढून थंडीत जमिनीवर बसलेला असतो, पाच-सहा तास बसतो, गाणं रंगलं तर वन्स मोर मागतो, नट संवाद विसरला तर तिथल्या तिथं ओरडून सांगतो, आणि नाटक पडलं तर गावचं मंडळ पुढच्या वर्षी त्या कंपनीला तारीख देत नाही. कंपनीला पण समजतं काय चुकलं, कारण लोकांनी ते नाव घेऊन सांगितलेलं असतं, अमक्या प्रवेशात कंटाळा आला, तमकी गायिका बदला. पुढच्या हंगामात ती कंपनी ते बदलून पुन्हा त्याच गावात येते.